वाटूरच्या आभाळात काय चढतं, काय उतरतं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या लोकांनी आकाशातून जळत जाणारी ठिणग्यांची लांबच लांब रांग पाहिली. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. आसपासच्या शिवारांतून धातूचे पोकळ गोळेही मिळाले. जाणकारांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितलं की हे २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत. उपग्रह वर पोचवून झाल्यावर तो टप्पा वर्षभर तसाच फिरत राहिला होता. त्याला नीट खाली आणायची सोय कुणी केलेली नव्हती, म्हणून तो मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तिथे उतरला. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

त्याच वर्षी खाली येण्याचे दोन मुद्दाम केलेले प्रयोग झाले. ३ सप्टेंबरला केरळात थुंबा इथून रोहिणी-३०० हा छोटा अग्निबाण उडाला. सुमारे ८४ किलोमीटर उंचीवर त्याच्या पोटात घडी घालून ठेवलेली एक पिशवी वायूने फुगली आणि त्या पिशवीच्या आधाराने सोबतचं सामान सावकाश खाली आलं. १० नोव्हेंबरला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून अ‍ॅटलस-५ उडाला. त्याच्यावर दोन प्रवासी होते. पहिला जेपीएसएस-२ हा हवामान उपग्रह, आता नोआ-२१ या नावाने ओळखला जाणारा. त्याला वर राहायचं होतं. दुसरं लॉफ्टिड नावाचं, सहा मीटर व्यासाचं फुगणारं उष्णतारोधक कवच. त्याला फक्त खाली यायचं होतं.

या दोन प्रवाशांचा आढावा मला वाटूरहून घ्यायचा आहे. जालन्याहून मंठ्याकडे निघालं की जिथून परतूरचा रस्ता फुटतो ते हे गाव. सोयाबीन, कापूस आणि तूर इथली पिकं. रोहिणी नक्षत्र सरत आलं की फाट्यावरच्या बी-बियाण्यांच्या दुकानापुढे एकच विषय असतो, औंदा पेरणी कधी साधेल. या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी वर जे काही फिरतंय त्याचा पसारा प्रचंड आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. वर चढायची विद्या आपल्याला चांगली साधली. खाली उतरायची विद्या, यानाची असो की माहितीची, अजून अर्धीमुर्धीच हाती आली आहे. आणि बातम्यांत मात्र चढण्याचेच फोटो छापून येतात.

आधी यानाचं उतरणं पाहू. पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते. त्या वेगात साठलेली ऊर्जा वस्तूच्या दर किलोमागे तीन कोटी जूल भरते. खाली यायचं तर ती कुठेतरी खर्ची पडायलाच हवी. उलट दिशेने इंजिन पेटवून ती संपवायची म्हटली तर इंधन न्यावं लागतं, आणि ते इंधन वर नेण्यासाठी आणखी इंधन. म्हणून सगळे हवेचाच ब्रेक वापरतात. यानापुढची हवा दाबली जाऊन हजारो अंश तापते. शाळेच्या पुस्तकात याला घर्षण म्हणतात, पण खरा वाटा हवा दाबली जाण्याचा असतो.

यावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन अ‍ॅलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी काढलेला तोडगा उलटा वाटावा असा होता. यानाचं नाक अणकुचीदार नको, बोथट हवं. बोथट वस्तूपुढे हवेची जाड उशी तयार होते, बरीचशी उष्णता त्या उशीतच राहते आणि बाजूने निघून जाते. आजवरची सगळी कुपीयानं याच आकारात उतरली. भारताचं एसआरई-१ त्याच वाटेने आलं. १० जानेवारी २००७ ला पीएसएलव्हीने ते वर नेलं आणि २२ जानेवारीला ते बंगालच्या उपसागरात श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला उतरलं. साडेपाचशे किलोंचं ते यान म्हणजे कक्षेत जाऊन शाबूत परत आलेली आपली पहिली वस्तू. १८ डिसेंबर २०१४ ला साडेतीन टनांहून जड अशी निर्मनुष्य कुपी कक्षेत न जाता सुमारे सव्वाशे किलोमीटर उंचीवरून अंदमानजवळ उतरली. गगनयानाची पायाभरणी तीच.

अडचण अशी की कडक कवच अग्निबाणाच्या टोपणात मावेल एवढंच मोठं करता येतं. आणि उतरताना महत्त्वाचं असतं ते वजन आणि पसारा यांचं प्रमाण. वजनाच्या मानाने पसारा मोठा असेल तर यान उंचावर, विरळ हवेतच वेग गमावू लागतं आणि तापतंही कमी. पृथ्वीची हवा दाट असल्याने इथे निभावून जातं. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तिथे २०२१ साली उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सचं कवच साडेचार मीटरचं होतं आणि गाडी एक टनाच्या आसपास. माणसं उतरवायची तर वीस-वीस टनांची ओझी न्यावी लागतील. तेवढं मोठं कवच कुठल्याही टोपणात बसायचं नाही. मग घडी घालून न्यावं आणि वर फुगवावं, हा विचार ओघानेच आला.

विचार सोपा, पण तो अमलात आणायला दोन दशकं गेली. रशिया आणि युरोपने २००० साली फुगणाऱ्या कवचाचा एक प्रयोग केला, त्यानंतरचे प्रयत्न फसले. नासाचं पहिलं छोटं कवच २००७ साली अग्निबाणापासून सुटंच झालं नाही. २००९ आणि २०१२ सालच्या तीन मीटरच्या कवचांनी यश दिलं, मात्र ती कक्षेतून आलेली नव्हती, नुसती वर जाऊन खाली आलेली होती. चीनने मे २०२० मध्ये स्वतःचं फुगणारं यान पाठवलं, ते परतीत बिघडलं. एवढ्या अपयशांची रांग पाहिली की लॉफ्टिडचं मोल कळतं.

लॉफ्टिडची बांधणी डोळ्यांपुढे आणायची तर ट्रॅक्टरच्या चाकांतल्या ट्यूब मोठीवर लहान, लहानीवर आणखी लहान अशा रचून शंकू केला आहे अशी कल्पना करावी. त्या कड्या रबराच्या नव्हत्या. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट अशा कृत्रिम धाग्यांच्या विणीच्या होत्या. त्यांच्यावर उष्णतारोधक थर आणि सर्वांत बाहेर सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांचं कापड. हे कापड सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता झेलेल अशा बेताने केलेलं. त्या दिवशी अ‍ॅटलसच्या वरच्या टप्प्याने आधी उपग्रह त्याच्या ध्रुवीय कक्षेत सोडला. मग तो टप्पा स्वतः खाली येण्याच्या वाटेला लागला, नाकावरचं कवच फुगवलं गेलं, त्याला गिरकी देऊन सोडून दिलं गेलं. ताशी २९,००० किलोमीटरचा वेग ध्वनीच्या वेगाखाली आला, मग हवाई छत्री उघडली आणि उड्डाणानंतर सव्वादोन तासांच्या आत कवच हवाई बेटांच्या बाजूला प्रशांत महासागरात पडलं. जहाजाने उचलून पाहिलं तर फारसं बिघडलेलं नव्हतं.

या प्रयोगाला वेगळा अग्निबाण लागला नाही ही गोष्ट माझ्या दृष्टीने कवचाइतकीच महत्त्वाची आहे. हवामान उपग्रह सोडून झाल्यावर तो टप्पा नाहीतरी समुद्रात पाडायचाच होता. परतीच्या रिकाम्या गाडीत सामान टाकावं तसं काम झालं. चिनी टप्प्याचं कडं लाडबोरीत का पडलं आणि हा टप्पा गावात का पडला नाही, यातला फरकही इथेच आहे. शेवटच्या उतरणीसाठी थोडं इंधन राखून ठेवलं होतं की नव्हतं, एवढाच तो फरक.

आता थुंब्याकडे वळू. आपल्या बऱ्याच बातम्यांनी सप्टेंबरचा प्रयोग आणि नोव्हेंबरचा प्रयोग एका मापाने मोजले, ते बरोबर नाही. थुंब्याची पिशवी केव्हलारच्या कापडाची होती, वर पॉलिक्लोरोप्रीनचा म्हणजे कृत्रिम रबराचा लेप. ती विक्रम साराभाई अवकाश केंद्राने बनवली, फुगवण्याची यंत्रणा द्रव प्रणोदन केंद्राची. रोहिणी अग्निबाण कक्षेत जातच नाही, त्यामुळे त्या पिशवीला कक्षेतल्या वेगाच्या जवळपासचाही वेग सोसावा लागला नाही. उष्णता वेगाच्या साध्या पटीत वाढत नाही, वर्ग-घनाच्या हिशेबाने वाढते. म्हणजे थुंब्यात सिद्ध झालं ते फुगणं, आकार टिकणं आणि हवेतला ओढा. आगीची परीक्षा बाकी आहे. इस्रोने सांगितलेले पुढचे उपयोग मोठे आहेत. वापरून झालेले टप्पे परत मिळवणं, मंगळावर किंवा शुक्रावर सामान उतरवणं, अंतराळात राहण्याजोगी फुगणारी घरं. मला यातला पहिला सर्वांत जवळचा आणि सर्वांत निकडीचा वाटतो.

उतरणीला ब्रेक नसेल तर काय होतं हे पाहायला वाटूरकरांना लांब जावं लागत नाही. मंठा ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरलं की लोणार. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा अशनीने बेसॉल्टच्या खडकात पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंदीचं विवर पाडलं. १९७९ साली स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे जी घबराट उडाली होती ती जुन्या माणसांना आठवते, शेवटी ते ऑस्ट्रेलियात पडलं. आणि हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था जे विज्ञानाचे मोठे फुगे सोडते, त्यांची उपकरणं हवाई छत्रीने मराठवाड्यातल्या शिवारांतही उतरू शकतात. त्याआधी वर्तमानपत्रांत सूचना येते की शेतात असं काही सापडलं तर उघडू नका, पोलिसांना कळवा. खाली येणारी वस्तू सांगून आली तर लोक किती शहाण्यासारखे वागतात याचं हे उदाहरण. इतकी वर्षं हा कारभार फारशी कुरकुर न होता चालला आहे.

आता वर राहणाऱ्या प्रवाशाकडे. आपला हवामान उपग्रहांचा इतिहास आणि उष्णतारोधक कवचाचा इतिहास एका ठिकाणी फार दुःखद रीतीने जुळले आहेत. १२ सप्टेंबर २००२ ला पीएसएलव्हीने मेटसॅट हा केवळ हवामानासाठी बनवलेला उपग्रह सोडला. त्याआधीचे इन्सॅट टीव्ही, टेलिफोन आणि हवामान अशी तिन्ही कामं एकत्र करत. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे अमेरिकी अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्ससच्या आकाशात फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. तिथल्या उष्णतारोधक आवरणाला पडलेल्या भोकातून परतताना तप्त वायू आत शिरला. चारच दिवसांनी पंतप्रधान वाजपेयींनी मेटसॅटला कल्पना-१ हे नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं संध्याकाळच्या बातम्यांत ढगांचे जे फोटो आपण पाहिले, त्यांत या उपग्रहाचा मोठा हात होता.

त्याच्याही मागे १९८३ सालचा इन्सॅट-१बी आहे. आधीच्या वर्षी गेलेला १ए काही महिन्यांत निकामी झाला होता. १बी चॅलेंजर या तशाच अमेरिकी अंतराळयानाच्या पोटात बसून रात्री वर गेला, कारण त्याला नेमून दिलेली जागा गाठायला तीच वेळ सोयीची होती. म्हणजे आपला ढग पाहणारा डोळा वर पोचवून गाडी स्वतः फरशांच्या कवचावर खाली आली. तेव्हा आपल्याला दोन्ही गोष्टींसाठी दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहावी लागे. २६ जुलै २०१३ चा इन्सॅट-३डीसुद्धा फ्रेंच गयानातून एरियनवर गेला. ८ सप्टेंबर २०१६ चा ३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ चा ३डीएस मात्र आपल्या जीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून नेले. या अग्निबाणाचा पूर्वेतिहास इतका लहरी होता की इस्रोतच त्याला खोडकर पोरगा म्हणत. मराठी मुलखाचा हातही त्यात आहे. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोची विकास इंजिनं बनतात आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घन इंधनाच्या मोटारींची पोलादी आवरणं.

इन्सॅट-३डीएसचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला. म्हणजे पहिल्यांदाच ढग पाहणाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने डोळा विकत घेतला, हे मला चांगलं लक्षण वाटतं. हे उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याच्या चालीनेच फिरतात, म्हणून जागेवर थांबल्यासारखे दिसतात. ३डीआरची जागा ७४ अंश पूर्व, वाटूरच्या रेखांशाच्या जेमतेम दोन अंश पश्चिमेला. दोन उपग्रह आलटून पालटून पाहतात तेव्हा साधारण दर पाव तासाला देशाचं एक चित्र मिळतं. दृश्य प्रकाशात एक किलोमीटरचा ठिपका, अवरक्तात चार किलोमीटरचा. चार बाय चार म्हणजे सोळाशे हेक्टर. वाटूरचं सगळं शिवार अशा मोजक्या ठिपक्यांत संपतं.

याहून मोठी मर्यादा वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. या उपग्रहांवरचा ध्वनक म्हणजे निरनिराळ्या उंचीवरचं तापमान आणि बाष्प मोजणारं उपकरण, तेही अवरक्तात पाहतं. अवरक्त किरण दाट ढगातून आरपार जात नाहीत. म्हणजे नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा ढगाखाली काय चाललंय हे सर्वांत जास्त हवं असतं, तेव्हा तो ढगाच्या माथ्यापाशीच अडतो. ढगातून पाहायला सूक्ष्मलहरी लागतात, आणि तशी उपकरणं आज तरी खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरच असतात. नोआ-२१ वरचं एटीएमएस त्याच जातीचं. सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरताना ते एका ठिकाणावरून दिवसातून दोनदा जातं. अशा परदेशी उपग्रहांची मोजमापं आपल्या अंदाजाच्या गणितातही घातली जातात. म्हणून कॅलिफोर्नियातून उडालेला तो उपग्रह वाटूरलाही परका नाही. तो रोज दोनदा गावावरून जातो.

आपलाही असा एक होता. १२ ऑक्टोबर २०११ ला भारत आणि फ्रान्सने मिळून सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स. उष्ण कटिबंधातल्या बाष्पाचा आणि पावसाचा अभ्यास हेच त्याचं काम. विषुववृत्ताशी फक्त वीस अंशांचा कल ठेवल्याने तो आपल्या पट्ट्यावरून दिवसात अनेकदा जात असे. वाटूर साडेएकोणीस अंश उत्तरेला, म्हणजे त्याच्या वाटेच्या अगदी काठाशी. त्यावरच्या मुख्य सूक्ष्मलहरी उपकरणाचा फिरता भाग २०१३ च्या सुरुवातीलाच अडला, बाकीची चालली. तीन वर्षांचा बेत होता, २०२१ पर्यंत माहिती मिळत राहिली. आणि मग इस्रोने त्याच्याबाबतीत जे केलं ते मला त्याच्या उड्डाणाहून अधिक आवडतं. टाकीत सव्वाशे किलोंच्या आसपास इंधन उरलं होतं. ऑगस्ट २०२२ पासून टप्प्याटप्प्याने त्याची कक्षा खाली आणली आणि ७ मार्च २०२३ ला, धुळवडीच्या संध्याकाळी, सुमारे एक टनाचा तो उपग्रह प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागावर जाळून संपवला. अशा उतरणीसाठी तो बनवलेलाच नव्हता. लाडबोरीच्या कड्यानंतर अकराच महिन्यांनी आपण जगाला दाखवलं की म्हातारा उपग्रहही सांगून उतरवता येतो. त्याच आठवड्यात महाराष्ट्रात अवकाळी पावसाने हरभरा-गहू झोडपला, त्यामुळे ही बातमी आपल्याकडे कुणी फारशी वाचली नाही.

आता तिसरी उतरण, माहितीची. उपग्रहाने पाहिलेलं दिल्लीला आणि अहमदाबादला उतरतं, आणि अंदाजाचं बरंच गणित पुण्यात होतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत अजून सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. अग्निबाण आणि पाऊस या दोन्हींना हात घातलेला मराठी माणूसही पुण्याचाच. वसंत गोवारीकर. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते, घन इंधनावर त्यांचं मूलभूत काम आहे. पुढे दिल्लीत विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना १९८८ साली त्यांनी सोळा घटकांवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणारी पद्धत दिली. बरीच वर्षं तिने साथ दिली. २००२ साली ती तोंडघशी पडली. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, प्रत्यक्षात देशभर ८१ टक्के. मेटसॅट गेला तो त्याच दुष्काळी वर्षाच्या सप्टेंबरात. मागच्या वर्षांचे आकडे जुळवून पुढचं सांगायची रीत मागे पडत गेली आणि आत्ताचं वातावरण मोजून त्याचं गणित पुढे चालवायची रीत बळावली. या दुसऱ्या रीतीला उपग्रहाशिवाय गतीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये अर्क हा महासंगणक आला आणि मे २०२५ मध्ये तिथेच घडलेली सहा किलोमीटरच्या चौकटीची अंदाज पद्धत सुरू झाली. आधी ही चौकट बारा किलोमीटरची होती.

सहा किलोमीटर म्हणजे पहिल्यांदाच अंदाज जवळजवळ गावाच्या मापाला आला. पण गारपीट सहा किलोमीटरची चौकट पाहून येत नाही. ११ फेब्रुवारी २०१८ च्या सकाळी जालना जिल्ह्यात गारांनी उभी पिकं आडवी केली, तो मार काही मिनिटांचा होता. असं वादळ तास-दोन तास आधी ओळखायला जमिनीवरचं डॉप्लर रडार लागतं. मुंबई, नागपूर, सोलापूर आणि हैदराबाद इथल्या रडारांपैकी सर्वांत जवळचं सोलापूरचं, तेही वाटूरपासून दोनशे किलोमीटरहून लांब. पृथ्वी वक्र असल्यामुळे एवढ्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून चारेक किलोमीटर वरून जातो. खाली काय शिजतंय ते त्याला दिसत नाही. मराठवाड्यातल्या म्हैसमाळच्या डोंगरावर रडार बसवण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं आल्या. त्याची जी जात ठरली, त्या एक्स-बँड रडारचा पल्ला साधारण शंभर किलोमीटर. नकाशावर अंतर मोजलं तर परतूर तालुका त्याच्या काठावर येतो. छत्तीस हजार किलोमीटरवरून आपण गाव पाहतो आणि दोनशे किलोमीटरवरून पाहू शकत नाही, हे जरा विचित्रच आहे.

उपग्रहाचं बोट थेट शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचतं ते दुष्काळ जाहीर होताना. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. दुष्काळ ठरवण्याच्या २०१६ च्या संहितेत पावसाच्या खंडाबरोबर उपग्रहाने मोजलेली पिकांची हिरवाई आणि जमिनीतली ओल यांना वजन आहे. राज्यात हा हिशेब महामदत या प्रणालीने झाला. पहिल्या यादीत चाळीस तालुके आले. जालना जिल्ह्यातले जालना, बदनापूर, अंबड, भोकरदन आणि मंठा. परतूर त्यात नव्हतं. वाटूर परतूर तालुक्यात, मंठ्याच्या वाटेवर. आभाळाला ही शीव ठाऊक नसते. ओरड झाल्यावर सरकारने राज्यातली हजाराच्या आसपास महसूल मंडळं दुष्काळसदृश म्हणून जोडली. तालुक्यावरून मंडळावर येणं ही खरं तर मोठी सुधारणा. मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. पण मंडळात गावं अनेक आणि यंत्र एक. पीकविम्याचा अग्रिम २०२४ पर्यंत एकवीस दिवसांच्या खंडावर अडत असे, आणि यंत्राच्या डोक्यावर पडलेली एक सर शेजारच्या कोरड्या गावाचाही खंड मोडत असे.

अशा जागी दुसरे लोक येऊन उभे राहतात. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन आहेच, म्हैस की बेडूक की कोल्हा. अक्षय्य तृतीयेची भेंडवळची घटमांडणी आहे. आणि शेजारच्या सेलू तालुक्यातले पंजाबराव डख आहेत. त्यांच्या अंदाजांवर हवामानशास्त्रज्ञ टीका करतात आणि पद्धत तपासून पाहिली तर ती टीका रास्त आहे. पण ते लोकप्रिय का, हे टीकाकारांनी विचारलं पाहिजे. ते गावाचं, तालुक्याचं नाव घेतात, तारीख सांगतात, शेतकऱ्याच्याच बोलीत सांगतात. खात्याचा अंदाज ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने तोच प्रामाणिक शब्द, पण वाटूरच्या माणसाला त्यातून आपलं ठिकाण कोणतं ते कळत नाही. मधलं भाषांतर करणारी माणसं लागतात. परभणीचं कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला काढतं, ते काम चोख असतं. त्याखाली जिल्ह्याच्या पातळीवर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये २०१८ पासून हवामान घटक सुरू झाले होते. देशभरातले असे १९९ घटक २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाले. इन्सॅट-३डीएस वर जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मला यातला कुठलाच निर्णय कुणाच्या दुष्टाव्याचा वाटत नाही. वरच्या कामाला एक मंत्रालय, एक उड्डाण, एक फोटो असतो. खालच्या कामाला पगारपत्रक असतं, आणि काटकसर करायची झाली की ते आधी नजरेत भरतं.

एक अपवाद आहे आणि तो अनुकरण करण्याजोगा आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे अ‍ॅप. त्याला उपग्रह लागत नाही, जमिनीवरच्या संवेदकांचं जाळं पुरतं. वीज कुठे पडते आहे हे ते तुम्ही उभे आहात त्या जागेपासून मोजून, काही मिनिटांच्या हिशेबाने सांगतं. मराठवाड्यात पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत विजेने शेतात माणसं जातात. तिथे हे थेट कामाला येतं, फक्त मोबाइलला रेंज हवी.

इस्रोने २०३० पर्यंत आपली सगळी उड्डाणं कचरा न ठेवता करायचं ठरवलं आहे. तसं झालं तर वापरलेला प्रत्येक टप्पा आणि प्रत्येक थकलेला उपग्रह मेघा-ट्रॉपिक्ससारखा ठरवून उतरेल, आणि फुगणारं कवच खऱ्या आगीतून तावून निघालं तर त्यातले काही टप्पे पुन्हा वापरताही येतील. तेवढीच नेमकी तारीख म्हैसमाळच्या रडारला आणि जिल्ह्याच्या हवामान घटकांना कुणी दिली तर ती वाटूर फाट्यावर जास्त लक्ष देऊन ऐकली जाईल. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हा सल्ला इथे सगळ्यांना पाठ आहे. तेवढा पाऊस आपल्या शिवारात नेमका कधी भरेल, हे मृगाच्या तोंडावर कुणाला विचारायचं, ते अजून ठरायचं आहे.